प्रतापचा पाय

प्रताप इंगवलेचा नवा पाय गावात आला, त्या दिवशी संग्राम काटकर दुपारी जेवला नाही. पित्त झालंय म्हणाला. वैजयंताने ताट झाकून ठेवलं. नवऱ्याचं पित्त कुठून आलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते पित्त त्या वेळी पारावर उभं होतं, पँट गुडघ्यापर्यंत वर करून जमलेल्या माणसांना घोटा फिरवून दाखवत होतं.

पळसवड हे फौजींचं गाव. दसऱ्याला, सोनं लुटायच्या आधी, गावातले सगळे माजी सैनिक पदकं लावून स्मारकापर्यंत परेड करत जातात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी स्मारकाच्या डाव्या अंगाला खुर्च्या मांडलेल्या असतात. गाव त्यांना ‘खुर्चीवाले’ म्हणतं. वाईट हेतूने म्हणत नाही, पण म्हणतं. संग्राम आणि प्रताप दरवर्षी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत आले होते. एकाच गस्तीवर, एकाच सुरुंगाने दोघांचे डावे पाय गुडघ्याखालून नेले होते. एकाच हेलिकॉप्टरने दोघांना उचललं, एकाच वॉर्डात दोघे विव्हळले. आणि आता ह्याला पाय मिळतो आणि मला नाही, हे काही केल्या संग्रामच्या घशाखाली उतरेना.

बरं, पाय तरी कसला! आधीचे पाय म्हणजे नुसते टेकू. हा पाय माणसाच्या मनातलं ओळखायचा. उरलेल्या पायात तुटून राहिलेल्या नसांची टोकं स्नायूच्या लहान लहान तुकड्यांत शिवायची. मेंदूकडून आलेला हुकूम तो स्नायू मोठा करून पायापर्यंत पोचवतो. आणि तळव्याला जे लागतं, खडा म्हणा, चिखल म्हणा, त्याची बातमी त्याच वाटेने वर जाते. सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं. लोक त्याला जिता पाय म्हणत.

जिते पाय थोडे आणि मागणारे ढीगभर. मग द्यायचे कुणाला? ज्याला जास्त दुखतं त्याला आधी, असं ठरलं. ऐकायला न्यायाचंच होतं. कारण पाय तुटला तरी मेंदूत त्या पायाची जागा असते, तिथल्या पेशी पायाकडून काही खबर येते का म्हणून बसून राहतात, आणि खबर आली नाही की बोंब मारतात. ती बोंब म्हणजे नसलेल्या पायाचं दुखणं. जिता पाय खबर पुरवतो आणि बोंब थांबते.

पण दुखणं मोजायचं कसं? पूर्वी मेडिकल बोर्डापुढे साहेब विचारायचे, कुठं दुखतं? माणूस सांगायचा, अंगठ्यात. साहेब अंगठा नसलेल्या जागेकडे बघायचे आणि हसू दाबायचे. मग ‘तक्रार सिद्ध होत नाही’ असा शेरा पडायचा आणि त्या शेऱ्यावर अपील करण्यात माणसाचे केस पांढरे व्हायचे. म्हणून माजी सैनिकांनीच आंदोलन केलं. ‘दुखणं मोजा!’ अशी घोषणा होती, आणि ती देणाऱ्यांत सगळ्यात पुढे, कुबड्या उंच धरून, आपला संग्राम काटकर होता. सरकारने ऐकलं. दुखणं मोजायचं यंत्र आणलं.

कानामागे चिकटवायची रुपयाएवढी एक चकती. मेंदूतल्या कोणत्या चार-पाच जागा एकदम पेटल्या की माणसाला खरोखर दुखतं, हे ती हजारो माणसांवरून शिकली होती. सोंग केलं तर त्या जागा पेटत नाहीत. सव्वा महिना ती लावून ठेवायची आणि शेवटी शंभरातला एक आकडा यायचा, वेदनांक. साठच्या वर गेला तर जिता पाय. खाली राहिला तर जुनाच टेकू आणि एक मलम. झुपकेदार मिशांचे हवालदार कानामागे ती चकती लावून हिंडू लागले तेव्हा बायकांनी तिला टिकली म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

प्रतापचा आकडा आला चौऱ्याहत्तर. संग्रामचा एक्केचाळीस.

“एकाच सुरुंगाचं दुखणं ह्याला चौऱ्याहत्तर आन् मला एक्केचाळीस?” संग्राम भेटेल त्याला विचारायचा. “मला काय मुंगी चावली होती?”

त्या दसऱ्याला प्रताप परेडमध्ये चालला. डाव्या पायाला जरा जास्तच जोर देत होता, निदान संग्रामला तसं वाटलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. संग्रामने तिच्यावर आपली टोपी ठेवली आणि सगळा वेळ स्मारकाकडे न बघता त्या पायाकडे बघत राहिला.

संध्याकाळी प्रताप सोनं द्यायला घरी आला. “गवत कळतंय रे संग्या,” तो म्हणाला. “सकाळी बांधावर अनवाणी गेलो. ओलं लागलं. खरंच ओलं.”

“टिकली असताना काय केलंवतंस तू?” संग्रामने विचारलं.

“काय करणार? पडून होतो घरात.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतोय की.”

संग्रामला ते पटलं नाही. काहीतरी गोम असणार. त्याने फेरमोजणी मागितली. ती एकदाच मिळते. अर्ज जिल्ह्याला गेला, तिथून पुण्याला, पुण्याहून कुठल्याशा सहीसाठी परत जिल्ह्याला. पाय गमावलेल्या माणसापेक्षा त्याचे कागदच जास्त पायपीट करत होते. पुढच्या पावसाळ्यात एकदाचं बोलावणं आलं.

मोजणीच्या केंद्रात डॉक्टर अन्वया बर्वे होत्या. तरुण, चष्म्याची, माणसाशी बोलताना पडद्याऐवजी माणसाकडे बघणारी बाई. त्यांनी संग्रामची मागची मोजणी पडद्यावर लावली. दुखण्याची रेघ दिवसभर चढत गेलेली, आणि रोज संध्याकाळी घाट उतरावा तशी खाली आलेली.

“दिवे लागायच्या सुमाराला तुम्ही काय करता? एखादी गोळी?”

“गोळी न्हाई. बायको पाय चेपते.”

“कुठला?”

संग्राम जरा घुटमळला. “दोन्ही.”

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. “डावासुद्धा?”

“डावा जिथं असतो तिथं. गादीवर.” त्याला उगीच लाजल्यासारखं झालं. “ती हात फिरवते. ‘इथं का?’ विचारते. मी सांगतो, जरा खाली. मग बोटं सैल पडतात. म्हंजे, जी न्हाईत ती.”

“कुणी शिकवलं त्यांना?”

“कुणी न्हाई. दवाखान्यातनं घरी आलो त्या दिवशी उजवा चेपत होती, चेपता चेपता हात तिकडं गेला.”

डॉक्टरांनी पडद्यावरच्या उतरत्या रेघेवर बोट ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूला जिथे पाय वाटतो तिथे हात फिरताना डोळ्यांना दिसला, की मेंदूला खबर पोचल्यासारखी वाटते. शिवाय हात आपल्या माणसाचा असेल तर मेंदू धोक्याची घंटा आपणहून हळू करतो. नुसतं ते माणूस घरात वावरत असलं तरी थोडी हळू करतो. “तुमचं दुखणं मुळात कमी नाहीये. ते रोज कुणीतरी कमी करतंय. यंत्राला तो फरक कळत नाही, त्याला फक्त उरलेलं दुखणं दिसतं.”

“मग नियम काय म्हणतो?”

“नियम आकडा बघतो. मी वर दोनदा लिहिलंय.” त्या ओशाळल्या. “तिसऱ्यांदाही लिहीन.”

“आन् प्रताप इंगवलेचं काय हो? त्याला कोण चेपत न्हाई म्हणून?”

“दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येणार नाही, काटकर.”

सांगायची गरजही नव्हती. प्रतापची बायको स्फोटानंतर वर्षाच्या आत माहेरी गेली ती परत आली नाही, पुढे काडीमोड झाला. आई वारली. घरात तो आणि टीव्ही. आजवर संग्रामला त्याची कीव यायची. आता परतीच्या एसटीत, कानामागे नवी टिकली लावून बसल्या बसल्या, त्याला त्या रिकाम्या घराचा हेवा वाटला. ना कुणी विचारणारं, ना कुणी हात लावणारं, सगळं दुखणं कसं जिथल्या तिथे शाबूत! हे आपल्याला काय सुचतंय, असं त्याच्या मनात आलं आणि लाजही वाटली. पण हेवा काही हटेना.

घरी आल्यावर त्याने चहा व्हायचीही वाट पाहिली नाही. “वैजू, सव्वा महिना तू आटपाडीला जा.”

“का? माझी आई ठणठणीत हाय.”

त्याने सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं नाही, त्याला जमलं तसं. वैजयंताने हातातली गाळणी खाली ठेवली.

“म्हंजे मी हाय म्हणून तुम्हाला पाय न्हाई.”

“तसं न्हवं गं.”

“तसंच हाय. बरं, मी हात लावत न्हाई. मागच्या खोलीत निजते. मग तर झालं?”

“तू नुसती घरात असलीस तरी कमी दुखतं!” संग्राम खेकसला.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोला दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि ती त्याने तक्रार केल्यासारखी दिली. तिनेही ती तक्रारीसारखीच घेतली.

“भावजींचा पाय आल्यापासनं तुमचं माझ्याकडं ध्यान न्हाई,” ती म्हणाली. “उठता बसता तो पाय. झोपंत सुद्धा पाय. सवत आणली असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. ह्या पायाचं काय उपटू?”

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. मुलगी कराडला हॉस्टेलवर होती, तेव्हा मागे बघायला दुसरं कुणी नव्हतं. उंबऱ्यावर ती थांबली. संग्रामला वाटलं, आता रडणार.

“कानामागचे केस कापून घ्या,” ती म्हणाली. “न्हाईतर निघंल ती टिकली.”

ती गेली, आणि दुखणं जे घरात शिरलं ते पाय पसरून बसलं. नसलेली बोटं एकमेकांवर चढायची, पीळ पडायचा, भिजलेला बूट पायातच आखडत जावा तसं व्हायचं. संग्राम तोंडात टॉवेल कोंबून पडून राहायचा. संध्याकाळी मोबाइलवर दिवसाचा आकडा यायचा. सत्तेचाळीस. बावन्न. आकडा बघितला की घामाने भिजलेला तो माणूस टॉवेलाआडून हसायचा. ज्या दिवशी कमी दुखायचं त्या दिवशी त्याला काळजी वाटायची. टीव्हीने मन रमतं म्हणून त्याने टीव्ही बंद केला. शेजारून कालवण आलं ते दारातून परत पाठवलं. मांजर मांडीवर येऊन बसलं तर त्यालाही हाकललं, न जाणो तेवढ्यानेही एखादा आकडा उतरायचा.

वैजयंताचा फोन यायचा. तो उचलायचा नाही. तिचा आवाज ऐकला की काय होतं हे त्याने एकदा उचलून पाहिलं होतं. त्या दिवशीचा आकडा त्रेचाळीस होता. मग पुन्हा चढवायला आठवडा गेला. पण चढला. साठ झाला, बासष्ट झाला. आता थोडेच दिवस हाच आकडा टिकवायचा होता, की पुढच्या दसऱ्याच्या परेडीत दोन जिते पाय चालणार होते. संग्रामने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं, आपण प्रतापच्या पुढच्या रांगेत उभं राहायचं.

अशाच एका संध्याकाळी प्रताप आला. दार ढकललं तर संग्राम गादीवर वेडावाकडा पडलेला, चादर मुठीत धरलेली, ओठ पांढरे.

“वैनी कुठंयत?”

संग्रामने फक्त मान हलवली. आवळलेले दात बोलायलाही उघडत नव्हते.

प्रताप पुढे काही विचारत बसला नाही. चपला काढल्या, गादीशेजारी बसला, आणि जिथे डाव्या पायाची पोटरी असायला हवी होती तिथे रिकाम्या चादरीवर त्याने हात ठेवला. “इथं?” त्याने विचारलं आणि हात खाली खाली नेला.

पीळ सुटायला लागला. एक एक बोट मोकळं झालं. इतक्या दिवसांनी संग्रामला पुरता श्वास घेता आला, आणि श्वास आला तसा तो ओरडला, “हात काढ! काढ म्हणतो ना! आकडा पडंल माझा!”

प्रतापने हात काढला नाही.

“तुला हे कुणी सांगितलं?” संग्रामचा आवाज चिरकला. “ती अशी हात फिरवते हे तुला काय ठावं?”

“डेअरीला दूध घालायला ह्याच वाटेनं जायचो की मी. तुमची खिडकी उघडी असायची.” प्रताप चादरीकडेच बघत होता. “रोज दिसायचं. वैनी रिकाम्या गादीवर हात फिरवतीय आन् तू डोळं मिटून पडलायस. मला वाटायचं, सुरुंग एकच, मग ह्या भडव्यानं काय असं पुण्य केलंय? माझ्या हाय त्या पायाला कोण इचारत न्हाई, आन् ह्याच्या नसल्या पायाला माणूस हाय! लई जळायचो तुझ्यावर. मग वाट बदलली मी. देवळावरनं जायला लागलो, लांब पडतं तरी.”

संग्राम त्याच्याकडे बघत राहिला. प्रताप इंगवले आपल्यावर जळतो, हे त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आधी त्याला, खोटं कशाला बोला, जरा बरंच वाटलं.

“तरी पाय तुलाच मिळाला,” तो म्हणाला.

“मिळाला म्हंजे माझा न्हवं, सरकारचा हाय. दर सहा महिन्यांनी टिकली लागते. सही करताना सांगतात, पण तवा कुणाचं ध्यान असतंय? संध्याकाळी पाय चार्जिंगला काढला की तवापासनं सकाळपर्यंतचं दुखणं धरतात. साठच्या खाली गेलं की पाय काढून पुढच्याला.” प्रताप थांबला. “चैत्रात माझं स्थळ आलंवतं. फलटणकडची बाई. तिचा नवरा फौजेत असताना वारलेला. भाऊ घेऊन आला तिला. मी चहा टाकायला उठलो तर म्हणली, बसा तुम्ही, आन् तिनंच केला. माझ्या घरात, माझ्या भांड्यांत. टिकली चालू होती माझी. त्या दिवशी आकडा कितीनं उतरला ठावं हाय? अकरानं. नुसत्या चहानं, संग्या!”

“मग?”

“मग काय? दुसऱ्या दिवशी न्हाई म्हणून कळवलं.”

बाहेर कुणीतरी म्हशी हाकत गेलं.

“तू वैनीला दर सहा महिन्यांनी आटपाडीला धाडणार का?” प्रतापने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तो उठला, चपला घातल्या आणि गेला. त्याच्या चालण्यात कुठे लंगडणं नव्हतं, पावलांचा आवाज दोन्हीकडे सारखा येत होता. संग्राम तो आवाज पार वळणापर्यंत ऐकत राहिला.

मग मोबाइल वाजला. एकसष्ट. प्रतापने हात लावूनही एकसष्ट होता, म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. पाय अजूनही मिळण्यासारखा होता. संग्राम भिंतीला धरून उठला आणि एका पायावर उड्या मारत आरशापाशी गेला. आरशाच्या चौकटीला वैजयंताच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. तोंड धुताना काढून लावून ठेवायची तिची जुनी खोड, लाल, चॉकलेटी, एक हिरवीसुद्धा. संग्रामने आरशात आपला कान वळवून बघितला. बघता बघता त्याला ओल्या गवताची इतकी ओढ लागली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने कानामागची चकती नखाने उचकटली, आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून त्या हिरव्या टिकलीशेजारी लावून टाकली.

चकती काढली की मोजणी बाद. फेरमोजणी एकदाच.

त्याने फोन लावला. “ये,” तो म्हणाला.

“आकडा?”

“गेला खड्ड्यात. तू ये.”

वैजयंता दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने आली, पण बोलली नाही. रुसवा एवढ्यात सोडायचा तिचा बेत नव्हता. हातपाय धुऊन आरशापुढे गेली, आणि तिथे तिला आपल्या टिकल्यांच्या रांगेत सरकारची टिकली दिसली. बराच वेळ ती तिथेच उभी राहिली. मग विचारलं, “चहा घेणार का?”

दसरा आला. परेड निघाली. संग्राम खुर्चीवर बसला, शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवली. प्रताप समोरून गेला तेव्हा दोघांची नजरानजर झाली आणि संग्रामने बसल्या जागेवरून सलाम केला. सलाम खरा होता. डोळा त्या पायावर होता तेही खरं होतं. डॉक्टर बर्व्यांचा मेसेज येऊन पडला होता, तिसऱ्यांदा लिहिलंय, वर विचार चालू आहे.

दिवे लागायच्या वेळी प्रताप सोनं घेऊन आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्या कानामागे टिकली होती, सहा महिने भरले होते.

“भावजी, आत या की,” वैजयंता म्हणाली. “पुरणपोळी हाय. बसा चार घास.”

प्रतापने आत बघितलं. दिवा, ताटं, गादी, गादीवर लांब झालेला संग्राम. त्याचा हात आपसूक कानामागे गेला.

“नको वैनी. पाय काढायची येळ झाली. आन् अजून आठवडा हाय ह्याचा.” त्याने आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवली, तिच्या हाताला हात लागू न देता. “पुढच्या आठवड्यात येतो. डबा ठेवा.”

तो निघाला. संग्राम खिडकीतून बघत होता. काय चालत होता गडी! अंगणातल्या ओल्या मातीत डावं पाऊल पडलं तेव्हा तो किंचित थांबला, गार लागलं असणार. संग्रामचा हेवा गेला नव्हता. तो बहुतेक कधीच जाणार नव्हता. वळणावर प्रताप दिसेनासा होईपर्यंत तो त्या पायावरच नजर ठेवून होता.

“दुखतंय?” वैजयंताने विचारलं. तिने खिडकी लावून घेतली होती.

“लई.”

ती गादीपाशी बसली आणि तिने रिकाम्या चादरीवर हात ठेवला. “इथं?”

“जरा खाली,” संग्राम म्हणाला.